वाचकांचे प्रश्न : काळ्या पोटाचा सुरय कोठे शोधावा?

प्रश्न : गेल्या डिसेंबरमध्ये नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमावर दोन सुरय (टर्न) पक्षी मासे पकडताना दिसले. चोच पिवळसर होती, पोट पांढरे होते. पोट काळे नसल्याने हा काळ्या पोटाचा सुरय नव्हे, असे सोबतच्या मंडळींचे मत पडले. ते बरोबर आहे का? आणि हा पक्षी आमच्या परिसरात शोधायचा झाल्यास कोठे जावे?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : मत बहुधा बरोबर आहे, पण त्याचे कारण चुकीचे आहे. या पक्ष्याच्या पोटाचा काळा रंग विणीच्या काळातला असून हिवाळ्यात तो बराचसा नाहीसा होतो. त्यामुळे डिसेंबरात पोटावर विसंबून काहीच ठरवता येत नाही. तेव्हा चोच आणि आकारमान पाहावे. काळ्या पोटाचा सुरय साधारण टिटवीएवढ्या लांबीचा, सडपातळ, बारीक नारिंगी चोचीचा असतो; नदी सुरय त्याहून मोठा, त्याची चोच जाड व पिवळी असते. हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारा व्हिस्कर्ड टर्न या दोघांहून लहान असून, पाण्यात सूर न मारता पृष्ठभागावरचे भक्ष्य अलगद टिपतो. तुमचे वर्णन नदी सुरयाशी जुळते.

शोधाविषयी मात्र भाबडी आशा बाळगू नये. थायलंड, लाओस आणि व्हिएतनाममधून काळ्या पोटाचा सुरय नाहीसा झाल्याचे मानले जाते, आणि भारतातही चंबळसारख्या, वाळूची बेटे शिल्लक असलेल्या मोजक्या नद्यांनीच त्याला आधार दिला आहे. तो घरटे बांधत नाही. उन्हाळ्यात नदी आटून उघड्या पडलेल्या वाळूत उथळ खळगा करून अंडी घालतो. पंचगंगेवर नेमकी हीच अडचण आहे. राजारामपासून शिरोळपर्यंतच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले जातात आणि फुगवट्याचे, म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेले, पाणी ऐन विणीच्या महिन्यांत काठोकाठ राहते. शेतीच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम असली, तरी वाळूवर वीण करणाऱ्या पक्ष्याला तिथे पाय टेकायला जागा उरत नाही. (जी वाळू उरते, तिचा उपसा होतो, हे आपण सारेच जाणतो.)

म्हणून संगमाच्या डोहापेक्षा बंधाऱ्यांच्या लगेच खालचे, पुढच्या फुगवट्याने न व्यापलेले, खडक व वाळू उघडी असणारे पट्टे फेब्रुवारीपासून मेपर्यंत सकाळी पाहावेत. मासेमारी करणाऱ्यांना अवश्य विचारावे. कोणत्या बेटावर पाखरे बसतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागले, तर अंडी जवळ आहेत असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे. पालक उडाल्यावर उन्हात अंडी फार काळ तग धरत नाहीत, आणि माणसामागोमाग कुत्री येतात. छायाचित्र लांबूनच घ्यावे, पण चोचीचा रंग त्यात स्पष्ट यावा. नोंदीत दिनांक आणि ठिकाणासोबत त्या दिवशी बंधाऱ्यात बरगे होते की नव्हते, हेही लिहावे. पक्षी न दिसलेल्या दिवशीसुद्धा.