आधी अंदाज, मग पॅनेल

चि. सौ.,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात नवं डिजिटल पॅनेल बसलं, नववीची मुलं धाराविद्युतचे व्हिडिओ डोळे विस्फारून बघतात आणि घटक चाचणीत तोच प्रश्न कोरा सोडतात. मग पॅनेल वापरू की बंद ठेवू, असं विचारतेस. वापर की! पण ते लावण्याआधी मुलांना काय विचारलंस, याची एक ओळ तुझ्या चार पानांत नाही. मला राग आला तो त्याचा.

दाखवण्याआधी अंदाज घ्यायचा. तोंडी नाही, वहीत, पेनाने. तोंडी विचारलंस तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे त्याच्यामागे माना डोलावतात.

एकसर जोडणीच घे. एक सेल, टॉर्चचे दोन बल्ब, एकापाठोपाठ एक जोडलेले. सर्किट पुरं करायच्या आधी विचार, कुठला बल्ब जास्त पेटेल? निम्मा वर्ग लिहील, ‘पहिला, कारण तो वीज आधी खातो.’ आता जोड. आणि नेमका एक बल्ब जास्त पेटतो, कारण बाजारातले बल्ब तंतोतंत सारखे नसतात. मुलं ओरडतात, ‘बघा बाई, आम्ही म्हटलं होतं!’ इथे घाबरून उत्तर सांगून टाकू नकोस. बल्बांची अदलाबदल कर. जास्त उजेडाचा बल्ब दुसऱ्या जागी गेला तरी जास्तच पेटतो. वर्ग गप्प होतो. आता लाव तुझं पॅनेल. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेली. फुकट आहेत, मराठीतही आहेत. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉन दोन्ही बल्बांतून एकाच वेगाने सरकताना दिसतात. हे मला कुठल्याही बल्बने दाखवता आलं नसतं. पण अंदाज लिहिलेला नसेल, तर मुलांना त्यात फक्त पळणारे निळे ठिपके दिसतात.

सूर्याचंही तेच. ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य मोठी माणसंही ठोकून देतात. पुण्यात तो बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, तेही साडेबारा वाजून गेल्यावर. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी, दुसऱ्या वेळी आभाळ! म्हणून डिसेंबरात मैदानात काठी रोव, सर्वांत आखूड सावली कधी पडते ते मुलांना खडूने खुणा करून शोधू दे. मग विचार, दिल्लीत सूर्य वर्षातून किती वेळा डोक्यावर येत असेल? वह्यांत आकडे पडले की स्टेलॅरियम, ते आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, उघड. कर्कवृत्ताच्या उत्तरेला तो कधीच डोक्यावर येत नाही, हे बघताना त्यांचे चेहरे बघ. अंदाज चुकलेल्यांचे आधी.

‘आपल्या मुलांना असं जमत नाही’ हे तुझ्या शिक्षक खोलीतलं वाक्य मला ऐकवू नकोस. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत 1972 पासून खेड्यातली मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची परवानगी होती. पुढे तो कार्यक्रम शेकडो शाळांत गेला आणि 2002 मध्ये सरकारने तो गुंडाळला. तेव्हा आपल्याकडे कुणाला त्याचं फारसं वाटलं नाही, याची मला अजून चीड आहे.

आता पोर्शन. ‘बाईंचा पोर्शन मागे राहतो’ हा माझ्यावरचा कायमचा शेरा. राहायचाच! दोन बल्बांवर दोन तासिका गेल्यावर दुसरं काय होणार? पण दहावीला माझी मुलं कुठे कमी पडली नाहीत, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. हट्टी म्हणायचे, म्हणोत. खंत एवढीच, की शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्यांना मला हे कधी पटवता आलं नाही. तुझ्या पत्राला एवढं लांब उत्तर जातंय, त्याचं कारण बहुधा तेच.

वरून फोटो मागतात, लिंक भरायला लावतात, म्हणून कुरकुरतेस. भर आणि मोकळी हो, त्यावर पत्राचं एक पान खर्चू नकोस. नेट जातं म्हणतेस, तर सिम्युलेशन घरून उतरवून ने. आणि उद्याच्या पाठ टाचणात पहिली ओळ अंदाजाच्या प्रश्नाची असू दे. प्रश्न सुचत नसेल, तर तो भाग तुला स्वतःला अजून नीट कळलेला नाही. रागावू नकोस. माझंही असं व्हायचं, मग रात्री पुस्तक उघडून बसायचं.

टॉर्चचे जुने बल्ब हल्ली दुकानात सहज मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. माझा डबा तुझ्या भावाबरोबर पाठवतेय. त्यातले एकसारखे दोन निवडत बसू नकोस, वेगवेगळेच दे मुलांच्या हातात.

तुझी,
बाई