चौदा लाइक आणि अकरा मेसेज

"मॅडम, महिनाभर रोज पोस्ट टाकतेय, एक दिवस चुकवला नाही. तरी कालच्या फोटोला फक्त चौदा लाइक. माझ्या कामातच दम नाही बहुतेक."

शब्द बदलतात, पण ही तक्रार मी फार जणांकडून ऐकते. एकट्याने छोटा व्यवसाय चालवणारी माणसं झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी फोनवर येते. हा अनुभव त्यांच्यापैकी एका ताईंचा. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई कापडी बॅगा शिवतात. पहिल्या भेटीत त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला होता. बोलता बोलता दर दोन मिनिटांनी अंगठ्याने त्याची कड उचलायची, स्क्रीनवर नजर टाकायची, पुन्हा उपडा ठेवायचा. आपण हे करतोय याचा त्यांना पत्ताही नव्हता. रात्री दोनला जाग आली तरी हात आधी फोनकडे. त्याच कामातल्या दुसऱ्या एका बाईंचं पेज आपण दिवसातून किती वेळा पाहतो, हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मी त्यांना मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या कबुतरांबद्दल सांगितलं. कितव्या टोचीला दाणा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर चोच मारतच राहतं. दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. लाइकचंही तेच. कधी पन्नास येतात, कधी चार. अशा वेळी हात फोनकडे जाणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही, ताई. शिवाय २०१६ पासून इन्स्टाग्राम पोस्ट नुसत्या वेळेच्या क्रमाने दाखवत नाही. कुणाला काय आधी दिसावं हे अल्गोरिदम, म्हणजे त्या अ‍ॅपमधली आपोआप निवड करणारी यंत्रणा, ठरवतं. तुमची बॅग ज्यांना दिसलीच नाही त्यांनी ती नाकारली, असं कसं म्हणायचं?

त्यांना हे पटलं, पण धीर काही आला नाही. म्हणून पुढच्या भेटीला ऑर्डरची वही आणायला सांगितली. शेवटच्या दहा ऑर्डरींपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, गिऱ्हाईक कुठून आलं. सहा जुनी किंवा जुन्यांनी पाठवलेली. तीन व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस पाहून. इन्स्टाग्रामवरून एक.

"या एकीने काय केलं होतं?"

"लांबलचक मेसेज केला होता. किती कप्पे, धुता येईल का, असं बरंच."

"असे आणखी आले असतील का?"

नाही म्हणाल्या. इन्स्टाग्रामवर आपण ज्यांना फॉलो करत नाही, त्यांचे मेसेज 'रिक्वेस्ट'मध्ये वेगळे जाऊन पडू शकतात. त्यांनी तो कप्पा माझ्यासमोर उघडला. अकरा मेसेज. सर्वांत जुना सात आठवड्यांपूर्वीचा: 'यात पंधरा इंची लॅपटॉप मावेल का?' त्याच्याच खाली, चार दिवसांनंतरचा: 'राहू द्या, दुसरीकडून घेतली.'

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मलाही ते वाचून वाईट वाटलं. पण त्या दिवसापासून आमच्या बोलण्याचा विषय बदलला. कामात दम नाही, हा प्रश्न मागे पडला. दम होता, माणसं विचारतही होती. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

ठरवलं ते साधंच होतं. फोन दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. आधी उत्तरं, मग पोस्ट. पोस्ट आठवड्यातून तीनच, आणि प्रत्येक पोस्ट कुणीतरी खरोखर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. पहिला व्हिडिओ म्हणजे नुसते त्यांचे हात, लॅपटॉप आणि चार्जर बॅगेत ठेवून चेन लावताना. फोटोखाली 'किंमत डीएमवर', म्हणजे खासगी मेसेजमध्ये विचारा, असं लिहिणं बंद. किंमत तिथेच लिहायची. विचारायला संकोच वाटणारी माणसं 'किंमत डीएमवर' या एका ओळीमुळे निघून जातात, हे माझं ठाम मत आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे छोट्या व्यवसायांसाठीचं वेगळं अ‍ॅप २०१८ पासून आहे, पण त्यांनी ते कधी वापरलं नव्हतं. त्यात 'सकाळी दहानंतर उत्तर देते' असा आपोआप जाणारा मेसेज लावला. रात्री दोनला जाग येण्यावर माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा या एका ओळीचा उपयोग जास्त झाला. त्या दुसऱ्या बाईंचं पेज म्यूट केलं.

मध्ये एकदा घसरण झालीच. तिसऱ्या आठवड्यात, मला न सांगता, त्यांनी पैसे भरून एक पोस्ट बूस्ट केली, म्हणजे जास्त लोकांना दिसावी म्हणून तिची जाहिरात केली. लाइक भरपूर आले, चौकशी एकही नाही. अपराध्यासारख्या समोर बसल्या. बूस्ट करताना लोकांनी पुढे काय करावं, हे निवडावं लागतं: प्रोफाइल पाहावं, वेबसाइटवर जावं की मेसेज करावा. त्यांनी पहिलं निवडलं होतं, आणि लोकांनी तेवढंच केलं. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पुन्हा करायचंच झालं तर मेसेज निवडा, रक्कम लहान ठेवा आणि वहीत लिहा, एवढंच मी म्हटलं.

परवा आल्या तेव्हा लाइक वीसच्या आसपासच होते. त्यांनी ते मी विचारल्यावर पाहून सांगितले. तेवढं सोडलं तर तासभर फोन पर्समध्ये होता. निघताना पुन्हा काढला आणि एक मेसेज वाचून दाखवला: 'ताई, बॅग छान आहे, पण चेन अडकतेय.'

"मेणबत्ती घासली की सरकते," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर तिला व्हिडिओ करून पाठवते. तोच उद्या टाकते."