युरोपात स्पोर्ट्स कार चालवायची असेल तर आधी घाट ठरवा, मग गाडी

तुमचा प्रश्न असा आहे: पत्नीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोघांनीच युरोपात आठवडाभर पोर्श किंवा फेरारी भाड्याने घेऊन फिरायचं, म्युनिकला गाडी घ्यायची आणि रोमला सोडायची. गाडी कोणती घ्यावी आणि आधी काय काय बघून ठेवावं?

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये मी आणि माझा नवरा असेच गेलो होतो. आम्ही पुण्याचे, दोघंही गाडी चालवणारे. आमचाही पहिला बेत म्युनिक ते रोम हाच होता आणि तो बदलला याचा मला आजही आनंद आहे. म्युनिक ते रोम हे अंतर नऊशे किलोमीटरच्या वर जातं. त्यातला बहुतेक रस्ता द्रुतगती महामार्ग, म्हणजे ट्रकांच्या रांगा आणि टोलनाके. शेवटी फ्लॉरेन्स आणि रोम. या शहरांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले विभाग आहेत. तिथे कोणी थांबवत नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येतो. शिवाय एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची तर वेगळं शुल्क पडतं, आणि महागड्या गाड्यांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी ती सोयच नसते. एवढे पैसे मोजून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्यावर एका रेषेत गाडी हाकायची कशाला? रोम बघायचं तर झुरिकहून किंवा मिलानहून रेल्वेने जा, सुंदर प्रवास आहे.

माझं म्हणणं असं की गाडीचं नाव शेवटी ठरवा, आधी घाट निवडा. तुम्हाला हवी आहे ती मजा आल्प्सच्या घाटांत आहे, आणि तीही छोट्या परिघात.

आम्ही मुंबईहून थेट विमानाने झुरिकला उतरलो. त्या दिवशी गाडी घेतली नाही, हे मुद्दाम सांगते. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर डाव्या बाजूला बसून उजवीकडून पहिल्यांदा गाडी चालवायची आणि तीही साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीची, हे धाडस नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेतली आणि आन्डरमॅट या गावी गेलो. झुरिकपासून साधारण सव्वाशे किलोमीटर. तिथे तीन रात्री राहिलो. त्या गावाभोवती फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन, गोटहार्ड आणि ओबरआल्प हे पाच घाट आहेत, सगळे २००० मीटरच्या वरचे. फुर्का सगळ्यांत उंच, २४२९ मीटर.

पहिले तीन घाट मिळून एक फेरी होते. आन्डरमॅटहून फुर्का चढायचा, ग्लेच गावात उतरायचं, लगेच समोरचा ग्रिमसेल चढायचा, धरणांच्या हिरवट-राखी तलावांच्या कडेने इनर्टकिर्खेनला उतरायचं आणि सुस्टेनवरून परत. जेमतेम १२० किलोमीटर, पण आम्हाला अख्खा दिवस लागला. फुर्काच्या पलीकडच्या उतारावर एका वळणाच्या कुशीत बेल्वेडेअर नावाचं जुनं हॉटेल आहे, बरीच वर्षं बंद. त्याच्या मागे ऱ्होन नदीची हिमनदी. उन्हाळ्यात बर्फ वितळू नये म्हणून तिच्या काही भागावर पांढरी कापडं अंथरतात. ती कापडं पाहून मी गाडीचं इंजिन बंद केलं आणि बराच वेळ गप्प बसले. आजीच्या घरी उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळायचे, तसंच काहीसं ते दृश्य होतं.

सुस्टेन मात्र तिघांमध्ये माझा सर्वांत लाडका. जुन्या खिंडी खेचरांच्या वाटांवरून रुंद होत गेल्या, सुस्टेन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोटारींचा विचार करूनच आखला गेला. वळणं मोकळी आहेत, पुढचं दिसतं, स्टिअरिंगला एक लय मिळते. ताम्हिणीत पावसानंतर नवीन डांबर पडलेलं असताना आणि समोरून कुणी येत नसताना जे वाटतं, ते तिथे मैलोन्‌मैल वाटत राहतं. गोटहार्डच्या दक्षिण बाजूची ट्रेमोला ही जुनी वाट दगडी फरशीची आहे. दिसायला अप्रतिम, पण स्पोर्ट्स कारच्या कडक सस्पेन्शनमध्ये मणके हलतात. एकदा उतरा, पुरे.

उरलेल्या दिवसांत ओबरआल्पवरून कूरमार्गे एंगाडिनच्या खोऱ्यात गेलो आणि त्सेर्नेत्सला दोन रात्री राहिलो. तिथून इटलीतला स्टेल्व्हिओ एका दिवसात होतो. ओफेन खिंडीतून म्युस्टाइरच्या खोऱ्यात उतरायचं, सीमा ओलांडून प्राड गावापाशी यायचं आणि तिथून चढायला सुरुवात करायची. खिंड २७५७ मीटरवर आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधून घेतला. प्राडच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं आहेत आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी: खाली ४८, वर १. परत येताना उम्ब्राइल खिंडीतून थेट स्वित्झर्लंडमध्ये उतरता येतं. शेवटच्या दिवशी फ्लुएला खिंड ओलांडून दावोसवरून झुरिक. बस, एवढाच प्रवास. आमच्या करारात दिवसाला २०० किलोमीटर होते आणि आम्ही एकदाही त्याच्या वर गेलो नाही. मर्यादेबाहेरच्या प्रत्येक किलोमीटरला चांगलेच पैसे पडतात, त्यामुळे हा हिशोब आधी कागदावर मांडा.

आता गाडी. स्विस घाटांत गावाबाहेर वेगमर्यादा ८० आहे आणि वळणांत तुम्ही तीस-चाळीसवर असता. पोर्श ९११ दुसऱ्या गिअरमध्येच ८० ओलांडते. मग सहाशे अश्वशक्तीची फेरारी घेऊन तुम्ही तिथे तिचं तोंड दाबत बसणार. मोठ्या लॅम्बोर्गिनी आरसे न धरताच दोन मीटर रुंद असतात. स्टेल्व्हिओच्या वळणावर समोरून बस आली की ती रुंदी अंगावर येते. म्हणून माझी स्पष्ट शिफारस पोर्श बॉक्स्टरची. इंजिन मध्यभागी, टप उघडतं, आकार आटोपशीर. पुढे एक आणि मागे एक अशा दोन छोट्या डिक्या आहेत, दोघांच्या मऊ बॅगा बसतात. कडक ट्रॉली बॅग अजिबात नेऊ नका. ९११ च घ्यायची असेल तर तिची पुढची डिकी १३२ लिटरची आहे, बाकीचं सामान मागच्या सीटवर. अल्पिन ए११० मिळाली तर तीही उत्तम, अकराशे किलोच्या आसपासची हलकी गाडी आहे. भाडं निम्म्यावर येतं, आणि वाचलेल्या पैशांत घाटातले दोन दिवस वाढतात.

फेरारीची हौस असेल तर ती इटलीतल्या मारानेल्लोत भागवा. कारखान्याच्या गावातच संग्रहालय आहे आणि आसपास अर्ध्या-एक तासासाठी गाडी चालवायला देणारे बरेच जण आहेत, सोबत त्यांचा माणूस बसतो. आठवडाभर फेरारी सांभाळण्यापेक्षा तो एक तास जास्त लक्षात राहतो असं मला वाटतं.

करार सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. अनामत किती अडकवणार (हजारो फ्रँक किंवा युरोंच्या घरात असते, आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, मर्यादा आधी वाढवून घ्या). कोणत्या देशांत न्यायची परवानगी आहे, कारण महागड्या गाड्या इटलीत न्यायला बऱ्याच कंपन्या नकार देतात. अपघात झाला तर तुमच्या खिशातून किती. आणि टायर, रिम, काच, गाडीचं पोट विम्यात येतं का. व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा प्रवासविमा काढता, त्याचा गाडीशी काहीही संबंध नाही.

रिमवर मी जोर देते, कारण आम्हाला तिथेच फटका बसला. आपण आयुष्यभर उजवीकडे बसून चालवलेलं असतं. डावीकडे बसलं की गाडीचा उजवा भाग किती बाहेर आहे याचा अंदाज चुकतो आणि गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. दुसऱ्याच दिवशी एका अरुंद पुलावर उजवं मागचं चाक दगडी कठड्याला घासलं. बोटभर ओरखडा, पण अनामतीतून कापलेली रक्कम ऐकून दोघंही सुन्न झालो. करारात लिहिलेलंच होतं, वाद घालण्यासारखं काही नव्हतं. उपाय साधा आहे: पहिले दोन दिवस शेजारी बसलेल्याने फक्त उजव्या बाजूकडे लक्ष ठेवायचं आणि 'डावीकडे घे' म्हणत राहायचं. गाडी ताब्यात घेताना चारही रिम, पुढचा खालचा ओठ आणि काच यांचा व्हिडिओ काढा, परत देतानाही काढा.

वेगाबद्दल गंभीरपणे सांगते. स्वित्झर्लंडमध्ये मोठे दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतात. २०१० मध्ये सेंट गॅलनमध्ये फेरारी टेस्टारोसा बेफाम चालवणाऱ्या एका कोट्यधीशाला सुमारे २,९०,००० डॉलर दंड झाला होता. ८० च्या रस्त्यावर १४० ला पोचलात तर तो फौजदारी गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो आणि गाडी जप्त होऊ शकते. कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारी अ‍ॅपही तिथे बेकायदा आहेत, फोनमधली ती सोय बंद करून ठेवा. दिवसाही दिवे लावायचे असतात. वेगाची हौस असेल तर जर्मनीत एखादा दिवस वेगळा काढा, तिथल्या ऑटोबानच्या काही पट्ट्यांवर मर्यादा नाही. पण न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर भाड्याची साधी गाडी नेऊ नका, करार तिथेच मोडतो. ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या त्याच गावात भाड्याने मिळतात.

घाटातला एक नियम मनात पक्का करा. पिवळ्या भोंग्याचं चित्र असलेली निळी पाटी दिसली की तो पोस्टाच्या बसचा रस्ता. पिवळी बस वळणाआधी तीन सुरांचा भोंगा वाजवते. तो ऐकला की तिला जागा द्यायची, तिचा चालक सांगेल तसं मागेपुढे व्हायचं. आपल्याकडे घाटात एसटीला आपण जो मान देतो तोच इथे कायद्याने आहे. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, खालच्या गिअरवर उतरा, खंबाटकीत करता तसंच. स्पोर्ट्स कारच्या ब्रेकनाही वास सुटतो.

दिवस निवडताना जून अखेर ते सप्टेंबर अखेर एवढाच काळ धरा. त्याआधी आणि नंतर उंच खिंडी बर्फामुळे बंद असू शकतात. पायथ्याशी प्रत्येक खिंडीची उघडी-बंद सांगणारी पाटी असते, रोज सकाळी ती बघायची. जुलै-ऑगस्टमध्ये सायकली, मोटारसायकली आणि कॅम्परची गर्दी असते, म्हणून सप्टेंबर चांगला. गणपती कधी आहेत ते पाहून तारखा ठरवा. स्टेल्व्हिओ वर्षातून एखादा दिवस फक्त सायकलवाल्यांसाठी राखून ठेवतात, तो तुमच्या तारखांत नाही ना हे तपासा. आणि कुठेही असा, सातला निघा. नऊपर्यंत घाट तुमचा असतो.

कागदपत्रांत कठीण काही नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, ऑनलाइन अर्ज होतो, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ परवाना सोबत लागतोच. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे मागायचा, स्वित्झर्लंड त्यात येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, गर्दीच्या महिन्यांत भेटीची वेळ मिळायलाच दिवस जातात. स्विस महामार्गाचा वर्षाचा ४० फ्रँकचा व्हिनेट, म्हणजे टोलचा परवाना, तिथल्याच भाड्याच्या गाडीवर असतो. घाटांना वेगळा टोल नाही. हॉटेल घेताना पार्किंग विचारा आणि तळघरात जाणारा उतार किती तीव्र आहे तेही विचारा, गाडीचं नाक खाली घासतं.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या प्रश्नात सगळीकडे 'मी चालवेन' असं आहे. वहिनी पुण्यात रोज गाडी चालवतात असंही तुम्ही लिहिलं आहे. मग त्यांचाही परवाना काढा आणि करारात दुसरी चालक म्हणून त्यांचं नाव घाला, थोडे पैसे जास्त पडतील. स्टेल्व्हिओ मी चालवला. नवरा शेजारी बसून पाट्यांवरचे आकडे मोठ्याने वाचत होता, सत्तेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस. विसाच्या खाली आल्यावर त्याने वाचणं थांबवलं, कारण झाडं संपून समोर ऑर्टलेर शिखराचा बर्फ दिसायला लागला होता. तो बर्फ मला दिसला तो वर पोचून गाडी लावल्यावर. उतरताना चावी त्याच्या हातात दिली आणि मग मी खिडकीतून बघत बसले.