घरी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस, स्टेजवर दुसऱ्याच शब्दाला बाद

"घरी विचारलं की सगळी स्पेलिंगं येतात. स्टेजवर गेली की संपलं. तिची भीती घालवायला काहीतरी सांगा."

स्पेलिंग बी, म्हणजे स्टेजवर इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं तोंडी सांगायची स्पर्धा, जवळ आली की पालकांची ही तक्रार ठरलेली. इथला अनुभव सल्ल्यासाठी आलेल्या सहावीतल्या एका मुलीचा आणि तिच्या बाबांचा आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. शाळेच्या सराव फेरीत ती दुसऱ्याच शब्दाला बाद झाली. शब्द होता 'सेपरेट', घरी डझनभर वेळा बरोबर सांगितलेला. खरी फेरी ९ आठवड्यांवर होती आणि रविवार संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं होतं.

भीतीबद्दल बोलायच्या आधी बाबांना एवढंच सांगितलं, की घरी जसा सराव घेता तसाच इथे घ्या. समोरासमोर दोन खुर्च्या, बाबांच्या हातात वही. १० शब्द झाले, ९ बरोबर. मग मुलीची खुर्ची भिंतीकडे फिरवली. बाबा तेच, आवाज तोच, यादीही तीच, फक्त पुढचे १० शब्द. या वेळी ६ बरोबर.

खोलीत ना गर्दी होती, ना माईक, ना परीक्षक. बदललं ते इतकंच, की बाबांचा चेहरा दिसत नव्हता. पहिल्या दहांमध्ये 'कॅलेंडर' आला तेव्हा काय घडलं ते पाहण्यासारखं होतं. "सी-ए-एल-ई-एन-डी-ई..." शेवटच्या 'ई'वर तिचा आवाज किंचित वर चढला, प्रश्न विचारल्यासारखा. बाबांच्या भुवया हलल्या. "...नाही, ए-आर." बाबांनी वहीत बरोबरची खूण केली. दोघांनाही यात काही वावगं वाटलं नाही. दोन वर्षं सराव असाच चालला होता. घरी पन्नासपैकी जे ४८ यायचे, ते दोघांना मिळून यायचे.

स्पर्धेत हे चालत नाही. बहुतेक ठिकाणी नियम असा असतो, की स्पेलिंग पुन्हा पहिल्यापासून सांगता येतं, पण एकदा उच्चारलेलं अक्षर बदलता येत नाही. 'डी-ई' तोंडातून गेलं की गेलं. शब्द देणाऱ्या बाईंच्या भुवया हलत नाहीत, आणि चूक झाल्याचं कळतं ते सगळं सांगून झाल्यावर, घंटीने. तेव्हा स्टेजवर ती जी गोठायची, त्यातली निम्मी तरी भीती नव्हतीच. इशाऱ्याची सवय झालेलं मूल इशारा शोधत उभं होतं.

बाबांचा हेतू वाईट नव्हता, उलट मेहनत दांडगी होती. रोज ५० शब्द, वर्णानुक्रमाने, हातात स्टॉपवॉच. स्टॉपवॉच कुठून आलं? अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बीच्या २०२४ च्या अंतिम फेरीत बृहत सोमाने बरोबरी तोडण्याच्या फेरीत ९० सेकंदांत २९ शब्द बरोबर सांगितले, तो व्हिडिओ घरात अनेकदा पाहिला गेला होता. पण तो वेग फक्त बरोबरी तोडण्यापुरता असतो. एरवीच्या फेरीत वेळ मर्यादित असला तरी पुरेसा असतो, आणि तो वापरायचा असतो. त्या रात्री उपविजेता ठरलेला फैजान झाकी २०२५ मध्ये जिंकला. २०२५ च्या त्या अंतिम फेरीतही एका शब्दाला त्याने काही न विचारता घाईने सुरुवात केली होती, आणि तो शब्द चुकला. हे सांगितल्यावर स्टॉपवॉच कपाटात गेलं.

वर्णानुक्रमाचं नुकसान पटकन लक्षात येत नाही. 'सी'चं पान चालू असताना मुलाला पहिलं अक्षर फुकट मिळतं. 'क'चा आवाज सी, के, क्यू की सीएच, हा प्रश्नच उरत नाही आणि खरी परीक्षा तर तिथेच असते.

नंतर तिची वही मागवली. प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार लिहिलेला होता आणि बाबा त्यावरूनच वाचत. इथे दुसरा घोळ सापडला. देवनागरीत जसं ऐकू येतं तसंच लिहिलं जातं, म्हणून आपली मुलं इंग्रजी शब्दालाही एक मराठी रूप देऊन ठेवतात. तिने ठेवलेलं रूप 'सेपरेट'. पण शब्द विशेषण असेल तर इंग्रजी उच्चार साधारण 'सेप्रट' होतो. स्टेजवर ऐकू आला तो 'सेप्रट'. तिला वाटलं, हा कुठला नवाच शब्द! वहीतले देवनागरी उच्चार त्याच दिवशी खोडायला लावले. त्यांच्या जागी शब्दकोशाच्या संकेतस्थळावरचा ध्वनी ऐकायचा, दोनदा. शब्दकोश मात्र स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेलाच हवा, कारण अमेरिकी आणि ब्रिटिश स्पेलिंग वेगळी असतात आणि निकाल त्या पत्रकावरच लागतो.

आता चुकांकडे. नुसत्या मोजून उपयोग नाही, त्या निवडाव्या लागतात, तांदळातून खडे निवडतात तशा. या मुलीच्या चुकांचे चार ढीग झाले, आणि पहिले दोन इतके मोठे होते की बाकीचे नसते तरी चाललं असतं.

पहिला ढीग पुसट स्वरांचा. इंग्रजीत आघात (उच्चारातला जोर) नसलेला स्वर घासून घासून नुसता 'अ' होतो, आणि तो ए, ई, आय, ओ, यू यांपैकी कोणाचाही असू शकतो. कान इथे निरुपयोगी. मदतीला येतो तो शब्दाचा नातेवाईक, ज्यात आघात सरकून तोच स्वर उघडा पडतो. 'ग्रामर'चा शेवट 'ए-आर' की 'ई-आर'? 'ग्रामॅटिकल' म्हणून पाहा, 'ए' स्वच्छ ऐकू येतो. 'डेफिनिट'ला 'डेफिनिशन' विचारावं, 'ऑथर'ला 'ऑथॉरिटी'. 'मेडिसिन'मधला सी की एस हा प्रश्नही 'मेडिकल' सोडवतो. 'सेपरेट'ला असा सोपा नातेवाईक नाही, पण लॅटिन मूळ तेच असलेला 'प्रिपेअर' आहे. दोन्हींत पी-ए-आर. तिने हे कार्डावर लिहिलं, आणि तो शब्द पुन्हा चुकला नाही.

दुसरा ढीग दुहेरी अक्षरांचा. 'अकॉमोडेट'मध्ये सी दोन आणि एमही दोन, हे पाठ करून आठवड्यात विसरतं. कारण सांगितलं की टिकतं. लॅटिन 'अ‍ॅड' हा उपसर्ग पुढच्या व्यंजनासारखा होतो, 'अ‍ॅड'चा डी सी बनतो, म्हणून सी दोन. पुढे 'कॉम' संपतो एमवर आणि 'मोड' सुरू होतो एमने, म्हणून एम दोन. 'रेकमेंड'मध्ये मात्र सी एकच, कारण तिथे 'री' अधिक 'कमेंड' आहे. 'ऑकरन्स'मध्ये 'ऑब'चा बी सी झाला, तिथेही सी दोन. असे दहा-बारा उपसर्ग समजले की शेकडो शब्दांतली धाकधूक जाते. 'हॅरॅस' आणि 'एम्बॅरॅस' यांना मात्र हा नियम लावू नये. पहिल्यात आर एक, दुसऱ्यात दोन, आणि ते सरळ पाठच करावं लागतं.

तिसरा ढीग ऐकण्याचा. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू. व्हीचा 'व्हेल' (चेहऱ्यावरचा पडदा) आणि डब्ल्यूचा 'वेल' (देवमासा) ऐकताना गफलत होणारच. प्रिन्सिपल, कॉम्प्लिमेंट, स्टेशनरी हे तर उच्चाराला जुळे आणि स्पेलिंगला वेगळे, अर्थ विचारल्याशिवाय सुटत नाहीत. माईकवर बी, डी, पी, टी एकसारखी वाजतात, एम-एन आणि एफ-एससुद्धा. म्हणून शब्द ऐकल्यावर तो आधी स्वतः मोठ्याने म्हणायचा आणि परीक्षकांकडून होकार घ्यायचा.

चौथा ढीग परक्या पाहुण्यांचा. उगम ग्रीक म्हटला की 'फ'ला पीएच, 'क'ला सीएच, 'इ'ला बऱ्याचदा वाय. फ्रेंच म्हटला की 'श'ला सीएच आणि शेवटचा टी मुका, जसा 'बॅले'त. इटालियनमध्ये 'पिकोलो', 'कॉन्फेटी' यांसारखी दुहेरी व्यंजनं. (मुलांना खुलवायला एक सांगावं, 'मंगूस' हा इंग्रजीत गेलेला आपलाच मुंगूस. 'गूस' या हंसाशी त्याचं काही नातं नाही, म्हणून नेहमीचं अनेकवचन 'मंगीस' नाही, 'मंगूसेस'.)

एवढं झाल्यावर वेळापत्रक. यादी ४५० शब्दांची. पहिल्या आठवड्यात काही शिकायचं नाही, फक्त रोज ७५ शब्दांची लेखी चाचणी, ६ दिवस. न अडखळता बरोबर आलेले बाजूला काढायचे. अंदाजाने बरोबर आलेला शब्द चुकलेलाच धरायचा, इथे पालक हमखास ढिले पडतात. तिचे २६० उरले. शेवटचे दोन आठवडे नवीन काही नाही, म्हणजे मधले ६ आठवडे, आठवड्याला ६ दिवस, असे ३६ दिवस हातात. रोज ८ शब्द धरले तर ३३ दिवसांत संपतात, ३ दिवस दांड्यांना. रोजचे ५० आणि हे ८ यांतला फरक ऐकून बाबा अस्वस्थ झाले. पण आधीच्या पन्नासांतले बरेच तिला येतच होते. येणारे शब्द विचारत राहण्यात घरातल्या सगळ्यांना समाधान मिळतं, एवढाच त्याचा उपयोग.

रोजची बैठक ४० मिनिटांची. पहिली १५ मिनिटं ती एकटी. ८ नवे शब्द, प्रत्येकाचं कार्ड. पुढे शब्द, त्यातलं फक्त अडचणीचं अक्षर लाल. मागे अर्थ, उगम, नातेवाईक. कार्ड झाकून लिहायचं, मग ताडून पाहायचं. पुढची १० मिनिटं जुनी कार्डं, तीन कप्प्यांच्या खोक्यातून. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. बरोबर आलं तर कार्ड पुढे, चुकलं तर थेट पहिल्यात. मग १० मिनिटं उभं राहून तोंडी १० शब्द, आणि शेवटची ५ मिनिटं यादीबाहेरच्या तीन शब्दांना.

एकटीने करायच्या भागावर बाबांचा विश्वास नव्हता. विचारणारा हवाच, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या २००६ च्या राष्ट्रीय स्पेलिंग बीमधल्या स्पर्धकांवर मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणीतरी शब्द विचारण्यापेक्षा एकट्याने बसून केलेला नेटाचा सराव कामगिरीशी जास्त जोडलेला निघाला. मुलांना तोच सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी आवडता वाटत होता, हेही त्यातच आहे. म्हणून १५ मिनिटं. तासभर नको.

तोंडी सरावात बाबा तिच्या मागे उभे. शब्द द्यायचा, अर्थ, उगम, शब्दाची जात, वाक्य विचारलं तर द्यायचं, आणि ती शेवटचं अक्षर बोलेपर्यंत गप्प. चुकलं तर एक टिचकी, बस. पहिल्या आठवड्यात त्यांना दोनदा खोलीबाहेर जावं लागलं, इतकं ते जड गेलं. तिने शब्द म्हणायचा, तळहातावर बोटाने लिहायचा, मग अक्षरं एकाच लयीत सांगायची आणि शेवटी शब्द पुन्हा. अक्षरांवर आवाज चढला तर तो शब्द पहिल्या कप्प्यात, बरोबर असला तरी.

यादीबाहेरचे तीन शब्द कशासाठी? चुकायची सवय व्हावी म्हणून. जिला रोज ४८ येतात तिला टिचकी अपघातासारखी लागते. रोज दोन-तीनदा वाजली की ती नुसती टिचकी राहते. शिवाय माहीत नसलेल्या शब्दाला उगम विचारून अंदाज बांधणं इथेच शिकता येतं.

पोटदुखीसाठी वेगळं फार करावं लागलं नाही. "घाबरू नकोस" हे वाक्य घरातून काढून टाकलं, कारण ते ऐकून मूल आपण घाबरलोय का हे तपासायला लागतं. माईककडे जाण्याआधी दोन श्वास, ४ मोजत आत आणि ६ मोजत बाहेर. तिसऱ्या आठवड्यानंतर सरावाला आधी आजी, मग शेजारची दोन मुलं, मग शाळेचा रिकामा हॉल. चौथ्या रविवारी पोट दुखलं नाही. ते दुखतच राहिलं असतं, झोप उडाली असती किंवा "मी ढ आहे" सुरू झालं असतं, तर स्पर्धा सोडायला सांगितली असती. आणि ज्या मुलाचं रोजचं वाचन संथ आहे, मराठीतही सोपे शब्द उलटसुलट लिहिले जातात, त्याला याद्या देऊ नयेत. त्याची आधी तज्ज्ञांकडून डिस्लेक्सियासाठी तपासणी करून घ्यावी.

खऱ्या फेरीच्या दिवशी बाबा स्वतःहून शेवटच्या रांगेत, खांबामागे बसले. ती चार शब्द पार करून पाचव्याला अडली. शब्द होता 'कटार', सर्दी-पडशाचा. तिने उगम विचारला, ग्रीक. सी-ए-टी-ए-आर-एच, सपाट आवाजात. आर दोन हवे होते. ग्रीक शब्दात आर-एच मध्ये किंवा शेवटी आला की बऱ्याचदा आर दुहेरी होतो, 'हेमरेज'मध्येही तसंच. घरी आल्यावर तिने दोन्ही शब्दांची कार्डं केली, दुसरा आर लाल केला आणि पहिल्या कप्प्यात टाकली.