हाताने शिवलेल्या गोधडीला गोट कोणता आणि कसा लावावा?

आजीच्या दोन सुती नऊवारींची गोधडी तुम्ही हाताने शिवून पूर्ण केली आहे आणि आता कडेला बाजारातली तयार उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावावी, साडीचाच काठ लावावा की शिंप्याकडून मशीनवर सॅटीनची पट्टी मारून घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. सॅटीनचे नाव वाचले म्हणूनच मी हे उत्तर लिहायला बसले. माझ्या मते तिन्ही पर्याय टाळावेत. धुऊन आटवून घेतलेल्या सुती कापडाची, उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली दुहेरी पट्टी घ्यावी आणि ती दोन्ही बाजूंनी हातानेच शिवावी.

गोधडी सर्वांत आधी कडेला झिजते, कारण ओढताना, झटकताना आणि ओली असताना दोरीवर टाकताना सगळा ताण कडेवर येतो, आणि डोक्याकडच्या कडेला केसांचे तेल व हाताचा घाम रोज लागतो. गोटाने, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेल्या पट्टीने, ही झीज स्वतःवर घ्यायची असते आणि विरल्यावर बाजूला व्हायचे असते. माझी आई गोधडीचा गोट उसवून नवा लावत असे, आणि त्या वेळी आतल्या कापडाला तिने कधी इजा होऊ दिली नाही. गोट निवडताना म्हणूनच मी पहिला प्रश्न हा विचारते की उद्या तो काढावा लागला तर गोधडी शाबूत राहील का.

आमच्या घरी नेमका याच मुद्द्यावर वाद झाला होता. पुतणीच्या बाळासाठी आईने जुन्या इरकली लुगड्यांची गोधडी शिवली होती, आणि थोरल्या जाऊबाईंचे म्हणणे पडले की एवढ्या कष्टाच्या वस्तूला कड तरी देखणी हवी. मी सुती पट्टी आणून ठेवली होती आणि हाताने लावून देते असे सांगितलेही होते, परंतु त्यांनी गोधडी परस्पर एका दुकानात दिली आणि तिला गुलाबी सॅटीनची पट्टी मशीनवर मारून आणली. पहिल्या दिवशी ती सर्वांना आवडली. धुतल्यानंतर सुती थर आटले आणि कृत्रिम धाग्याची पट्टी मुळीच आटली नाही, त्यामुळे चारही कडांना चुण्या पडल्या. त्यातच मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचा थर अडवून धरतो, त्यामुळे जाड गोधडीचे थर शिवतानाच एकमेकांवरून सरकले होते. सर्वांत वाईट म्हणजे बारीक टाक्याच्या सुईने विरलेल्या लुगड्याला ओळीने भोके पाडली, आणि पुढच्या धुण्यांत कापड नेमके त्या ओळीवर फाटले. पट्टी मात्र धडधाकट राहिली. ती उसवून, फाटलेली कड आत दुमडून मी हाताने सुती गोट लावला, आणि त्या दुरुस्तीत गोधडी चारही बाजूंनी लहान झाली. जाऊबाई आजही याला आवडीनिवडीचा प्रश्न म्हणतात. माझ्या दृष्टीने तो आवडीनिवडीचा प्रश्न नाही, कारण जी पट्टी टिकते आणि ज्याच्या रक्षणासाठी लावली ते कापड फाडते, ती गोट म्हणून निकामी आहे.

साडीचा काठ लावण्याचा मोह मी समजू शकते. परंतु इरकलीसारख्या साडीत अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, म्हणजे आटण्यातला तोच फरक पुन्हा येतो. जरीचा काठ तर गळ्याला आणि गालाला खरखरतो. काठ जपायचाच असेल तर तो गोधडीच्या मधल्या भागात लावावा. पट्टीसाठी साडीचा अंगातला भाग घ्यायचा झाल्यास तो आधी उजेडासमोर धरून पाहावा आणि विरलेला भाग वगळावा. सगळाच विरलेला असेल तर नवे मऊ सुती कापड गरम पाण्यात धुऊन वापरावे.

रुंदीचे गणित सोपे आहे. अर्धा इंच गोट दिसायला हवा आणि गोधडी साधारण पाव इंच जाड असेल, तर 3.5 इंच रुंदीची पट्टी कापून ती मधोमध दुमडावी. तयार उरेब पट्टी एवढी रुंद नसते, ती गळ्याच्या आणि बाहीच्या कामाची. कापण्यापूर्वी एक धागा ओढून काढला की सरळ रेघ उमटते, तिच्यावरूनच कात्री चालवावी. गोधडीच्या कडेला आधी सगळे थर धरून कच्चा दोरा (लांब, तात्पुरते टाके) घालावा, मग पट्टीच्या मोकळ्या कडा गोधडीच्या कडेशी जुळवून अर्ध्या इंचावर उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन) घालावी, आणि घडीची बाजू मागे वळवून हेमिंग करावे.

नऊवारीची लांबी 9 वार, म्हणजे 324 इंच असते. 90 बाय 60 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच होतो. त्यामुळे लांबीत कापलेली एकच पट्टी बिनजोड फिरवून कोपऱ्यांवर तिरकी घडी घालण्याची पद्धत अनेकींना आवडते, आणि ती दिसते सुरेख. मी तरीही चार स्वतंत्र पट्ट्या लावते. आधी दोन्ही लांब बाजू पूर्ण कराव्यात, मग आखूड बाजूंच्या पट्ट्यांची टोके आत दुमडून त्यांवरून न्यावीत. डोक्याकडची पट्टी सर्वांत आधी झिजते, आणि या पद्धतीत तेवढी एकच काढून बदलता येते.

तुमच्या गोधडीचे कोपरे गोलाकार असतील तर मात्र उभ्या धाग्याची पट्टी वळणावर बसणार नाही, तिथे उरेबच हवी, आणि तीही घरी कापलेली सुती. उरेब पट्टी दुमडीवर जास्त टिकते हेही खरे आहे, परंतु जुने कापड उरेब कापले की ताणले जाते आणि सरळ कड लाटेसारखी होते. गोधडी भिंतीवर टांगायची असेल किंवा ती क्वचितच धुतली जाणार असेल, तर माझे बरेचसे आक्षेप लागू होत नाहीत. रंग तुम्ही ठरवावा, फक्त गडद लाल किंवा हिरवे कापड घेतल्यास ते ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे आणि रंग उतरत असेल तर दुसरे घ्यावे. शिंप्याकडे द्यावीच लागली, तर लांब टाका घालायला सांगावे आणि पट्टी तुमची सुतीच द्यावी.