आयरिश उच्चारांवरचा लेख पारखायचा कसा?

प्रश्न : मराठी विकिपीडियासाठी आयरिश भाषेच्या ध्वनिव्यवस्थेवरचा इंग्रजी विकिपीडियातला लेख अनुवादायला घेतला आहे. लेख लांबलचक आहे, तळटीपा भरपूर आहेत. मला आयरिश येत नाही, भाषाविज्ञानाची जुजबी ओळख आहे. लेख भरवशाचा आहे की नाही हे कसं ताडून पाहू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तळटीपा मोजत बसू नका. प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारा : हे कोणत्या बोलीबद्दल आहे? आयरिशला १९५८ पासून अधिकृत प्रमाणलेखन आहे, पण सर्वमान्य असा प्रमाण उच्चार नाही. आयर्लंडच्या प्रांतांवरून ओळखल्या जाणाऱ्या मन्स्टर, कॉनॉख्ट आणि अल्स्टर या तीन मोठ्या बोली आहेत आणि प्रत्येकीच्या पोटात गावागणिक फरक. ‘आयरिशमध्ये असा उच्चार होतो’ एवढंच लिहून लेख पुढे जात असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

‘मुलगी’ या अर्थाचा ‘कॅलीन’ हा शब्द शोधा. कॉनॉख्टमध्ये आघात पहिल्या अक्षरावर, शेवटचा ई दीर्घ. मन्स्टरमध्ये तो दीर्घ स्वर आघात स्वतःकडे ओढून घेतो. अल्स्टरमध्ये आघात पहिल्यावरच राहतो आणि आघात नसलेला ई आखडतो. आघाताच्या विभागात हे तिन्ही प्रकार आले नसतील, तर तो विभाग अर्धाच आहे.

पुढे स्वरभक्ती. ‘निळा’साठीचा शब्द लिहिताना ‘गॉर्म’ असला तरी बोलताना मध्ये स्वर शिरतो, ‘गॉरम’ होतं. बरेच लेख इथे घाईघाईने नियम लिहितात : ऱ्हस्व स्वरानंतर र, ल किंवा न आणि त्यापुढे घोष व्यंजन (ब, ग, म सारखं) आलं की स्वर शिरतो. हा नियम चुकीचा आहे. ‘अंधारलेला’ या अर्थाच्या ‘डॉर्ख’मध्ये पुढचा ख घर्षक (हवा घासत निघणारा) आणि अघोष आहे, तरी स्वर येतोच. वगळायचे असतात ते अघोष स्पर्श (प, त, क सारखे). म्हणून ‘शरीर’ या अर्थाच्या ‘कॉर्प’मध्ये स्वर नाही. मागचा स्वर दीर्घ असेल तेव्हाही मध्ये स्वर शिरत नाही. अपवाद नेमके दिलेत का, यावर लेखकाने मूळ ग्रंथ उघडले होते की इकडून तिकडून गोळा केलं, ते बऱ्यापैकी कळतं.

सगळ्यात जास्त वेळ व्यंजनांना द्या. आयरिशमध्ये जवळपास प्रत्येक व्यंजन जोडीने येतं : रुंद (जिभेचा मागचा भाग वर) आणि बारीक (जिभेचा मधला भाग टाळूकडे). ‘गाय’ आणि ‘जिवंत’ या दोन शब्दांत फरक फक्त सुरुवातीच्या ब चा. देवनागरीत आपण ‘बो’ आणि ‘ब्यो’ लिहू, पण दुसऱ्यात वेगळा य नाही. ब उच्चारतानाच जीभ टाळूकडे जाते. दुसऱ्या शब्दाच्या स्पेलिंगमधला ‘ई’ (e) वाचायचा नसतो, तो फक्त ब बारीक आहे एवढं सांगतो. लेखात स्पेलिंगचे नियम आणि ध्वनींचे नियम यांची खिचडी झाली असेल तर तो अनुवादायच्या लायकीचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुवादात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी जशीच्या तशी ठेवा, देवनागरी फक्त आधाराला द्या.

चिन्हांमध्ये आणखी एक खोच आहे. ब्रायन ओ कीव्ह यांचं मन्स्टरमधल्या वेस्ट मस्करी या भागाच्या बोलीवरचं (१९४४) आणि तोमास द वॉल्द्रथे यांचं गॉलवेच्या पश्चिमेकडच्या बोलीवरचं (१९४५) वर्णन हे आजही पायाचे ग्रंथ आहेत. पण अशा जुन्या ग्रंथांत बारीक व्यंजनापुढे वरच्या बाजूला छोटी तिरपी खूण (′) असते आणि रुंद व्यंजनाला बहुधा खूणच नसते. आजच्या पद्धतीत दोन्हींना खूण करतात. चिन्हं बदलताना एखादी खूण निसटली की शब्दच बदलतो. तिरप्या रेघांमध्ये स्वनिम (शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनी) आणि चौकटी कंसात प्रत्यक्ष उच्चार, हा भेद शेवटपर्यंत पाळला आहे का तेही बघा. ऱ्हस्व स्वर किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कारण त्यांचा रंग शेजारच्या व्यंजनांवर ठरतो. तेव्हा कुणाची मांडणी ते न सांगता ठाम आकडा दिला असेल तर सावध व्हा.

लेखावर ताऱ्याची खूण (इंग्रजी विकिपीडियावर निवडक लेखाला मिळते ती) दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. ती एका विशिष्ट दिवशीच्या आवृत्तीला मिळालेली असते. चर्चापानावरून ती आवृत्ती उघडा आणि इतिहासातून आजच्या आवृत्तीशी तुलना करा. नेहमीचा घोळ असा : कुणीतरी आपल्या शिक्षकांच्या बोलीप्रमाणे उच्चार ‘दुरुस्त’ करतो, तळटीप मात्र जुन्याच ग्रंथाची राहते.

प्रश्न : उच्चार कानाने पडताळायची सोय आहे का?

उत्तर : आहे. फोरस न ग्येल्गे या संस्थेच्या ऑनलाइन शब्दकोशात नित्याच्या शब्दांची तिन्ही बोलींतली ध्वनिमुद्रणं आहेत. ‘आयुष्य’साठीचा शब्द ऐका : कॉनॉख्ट-अल्स्टरकडे ‘सील’, मन्स्टरमध्ये ‘सेल’.

प्रश्न : लिओ वराडकर पंतप्रधान असताना त्यांच्या पदाचं नाव मराठीत नाना तऱ्हांनी छापून आलं. बरोबर काय?

उत्तर : ‘टीशख’, शेवटचा ख घर्षक, उर्दूतल्या नुक्त्याच्या ख़ सारखा. इथे मात्र बोलीचा वाद नाही. स्पेलिंगमध्ये ‘ए-ओ’ (ao) पुढे ‘आय’ (i) आला की मन्स्टरमध्येही ईच होतो.