ऊन पडलं म्हणून निघू नकोस

अगं,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, म्हटलं सकाळी पोहे खाऊन नीट लिहू. काल आपल्या इंदूरात मावठा पडला ना, पेपरवाले ज्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतात तोच तिकडे हिमाचलात बर्फ टाकून गेलाय, आणि तुम्ही म्हणताय आता ऊन पडलं, उद्या फ्लाइट, परवा वर ट्रेकला. नेमकं तेच नको. हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली येण्याच्या दृष्टीने बर्फ पडून गेल्यावरचे पहिले 24 ते 48 तास सगळ्यात वाईट, नवीन थर खालच्याला धरलेला नसतो, शिवाय वारा एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडे आडोशाला रचत बसतो आणि तीच बाजू दिसायला सगळ्यात सुंदर.

घरी करून बघ. परातीत कोरडा साबुदाणा पसर, वर भिजवलेल्या पिठाचा भाकरीएवढा थर थाप आणि परात हळूहळू तिरकी कर. बराच वेळ काही होत नाही, मग अख्खा थर एकदम सुटतो. आई ओरडेल, ओरडू दे. बर्फाखाली असेच साखरेसारखे सुटे दाणे होतात, वरून कळत नाही. 30 ते 45 अंशांचा उतार घातकी, फोनमध्ये मोजता येतो. आणि तुम्ही सपाटीवर असलात तरी डोक्यावर काय लटकलंय ते बघायचं, हे सगळेच विसरतात.

बर्फाचा थर आतून खचतो तो आवाज मी एका ट्रेकला ऐकलाय. पायाखाली 'धप्प', आणि बुटापासून एक बारीक चीर पुढे पळत गेली. लीडर म्हणाला नेहमीचंच आहे, मी गप्प, कारण पैसे भरलेले आणि सोमवारी ऑफिस. उतार मंद होता म्हणून आज पोहे खातोय.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणाला रस्त्याच्या कामावरचे 54 जण हिमस्खलनात अडकले, आर्मी जवळ होती तरी 8 गेले. गाडलं गेल्यावर पहिली 10-15 मिनिटंच काय ती, तेवढ्यात बाहेरून कोण येणार, सोबतचेच काढणार. म्हणून बीकन (गाडलेल्याचा माग लावणारं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं, तुमचे ट्रेकवाले देतात का आजच विचार. डीजीआरई, म्हणजे डीआरडीओची हिमस्खलनाचा इशारा देणारी संस्था, तिचं बुलेटिनही बघ, ऑरेंज किंवा रेड असलं तर खालीच पत्ते खेळा.

परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं कर. वरचे पैसे लागले तर मला सांग, बाबांना मधे घेऊ नकोस.

काका